सातबाऱ्यावर नसलेल्या मालकिणीस

तीर्थरूप आजीस,


तुला आलेलं कुठलंच पत्र कधी खाजगी नव्हतं. आजोबांचं मुंबईहून कार्ड आलं की पोस्टमन खळ्यात उभा राहून मोठ्याने वाचायचा, मनिऑर्डरीच्या आकड्यापाशी आवाज जरा खाली आणायचा, आणि तोवर शेजारपाजारची दोन-चार माणसं काही ना काही निमित्ताने जवळ आलेली असायची. तेव्हा हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार याचं तुला काही वाटणार नाही. शिवाय यातला सगळा मजकूर तुझ्यासाठी नाही. थोडा तुझ्या मुलग्यांसाठी आहे, थोडा लेकींसाठी, आणि बाकीचा आरोंद्यापासून रेडी-शिरोड्यापर्यंत ज्या ज्या घरात पत्र्याच्या पेटीत जमिनीचे कागद आहेत त्या घरांसाठी.

आपलीही पेटी परवा उघडली. निमित्त विमानतळाचं. २०२२ च्या डिसेंबरात नदीपलीकडे गोव्यात मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि तेरेखोलच्या अल्याड, आपल्या आरोंद्यातही जमिनीचे भाव चढले. मोठ्या गाड्यांतून माणसं येतात. खाडीचं पाणी दिसतं का, रस्ता किती रुंद, सातबाऱ्यावर किती नावं, एवढं विचारतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे सोपं आहे: दोन. तुझ्या दोन मुलग्यांची. एजंटांना असे सातबारे फार आवडतात.

मी कागद तारखेवार लावले. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. कागदांवरची सरकारं आणि जिल्हे बदलत गेले आणि तू त्याच घरात होतीस. मालकाच्या रकान्यात तुझं नाव एकदाच आलेलं दिसतं. आजोबा वारल्यावर वारस म्हणून लागलं आणि पुढच्या फेरफाराने कमी झालं. त्या दोन फेरफारांच्या मधे जो काही काळ गेला, तेवढीच तुझी कागदोपत्री मालकी. कमी करण्याच्या कागदाखाली तुझा अंगठा आहे, शाई चांगली भरून लावलेला.

त्याच्या बऱ्याच आधीचा एक कागद मात्र मी परत परत वाचला. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. पुढे कलम बत्तीस-ग खाली किंमत ठरायची, ती भरून झाली की बत्तीस-म चं सर्टिफिकेट. आपल्या भाटकाराने हरकत घेतली होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती: कूळ मुंबईला गिरणीत, मग जमीन कसतो कोण? उत्तर कायद्यातच होतं. जातीने कसण्याच्या व्याख्येत कुटुंबातल्या माणसाच्या श्रमाने कसणंही धरलेलं आहे. साक्षीदारांनी सांगितलं, याची बायको करते. जोताला माणूस तीच लावते, तरवा तीच काढते, लावणी-कापणीला तीच असते. हरकत फेटाळली गेली. तू कसलेली जमीन आजोबांनी जातीने कसली असं ठरलं आणि त्यांच्या नावावर झाली.

आजोबांना मी यात दोष देत नाही. गिरणगावातल्या एका खोलीत दहा-बारा गाववाल्यांत पाळीपाळीने पाठ टेकून त्यांनी जे वाचवलं त्यातूनच बत्तीस-ग चे पैसे भरले गेले. कोकणातल्या पुष्कळ घरांची हीच रीत: पुरुष चाकरमानी, बाई शेतकरी. चाकरमान्यावर आपल्याकडे कितीतरी लिहिलं गेलं, त्याची बोट, त्याची एसटी, त्याची ट्रंक, त्याचा गणपती. मागे राहून शेत करणारीला त्या सगळ्या लिखाणात काम एकच: वाट बघणं. तुला वाट बघायला सवड कधी मिळाली, ते मला ठाऊक नाही.

आपले खालचे कुणगे खाडीला लागून. मधे मातीचा बांध, बांधात लाकडी दाराची उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दार बाहेर उघडतं आणि पाणी निघून जातं. भरती आली की बाहेरचा रेटा ते मिटवून टाकतो. एवढी साधी युक्ती, पण तिच्यावर वर्षाचा भात अवलंबून. दाराच्या फटीत काटकी अडकली, किंवा कुर्ल्यांनी बांधाला बीळ पाडलं, की अमावास्या-पुनवेच्या उधाणाला खारं पाणी आत शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीन रुसते. म्हणून उधाणाच्या रात्री तू कंदील घेऊन बांधावर फिरायचीस. अष्टमीच्या भांगाला निवांत झोपायचीस. तुझं कॅलेंडर तारखांचं नव्हतंच. दवाखान्यात डॉक्टरांनी दुखणं कधीपासून विचारलं की तू तिथी सांगायचीस आणि पाणी कुठवर चढलेलं होतं तेही.

मृग लागला की सगळ्या गावाला पेरणीची घाई. तू खालच्या कुणग्यांत पहिले पाऊस नुसते साठवून घ्यायचीस, ओहोटी बघून सोडून द्यायचीस, परत साठवायचीस. जमिनीतलं मीठ असं धुऊन काढायचं. मग एका सकाळी पायाची टाच चिखलात रोवायचीस, खड्ड्यात पाणी जमू द्यायचीस, त्यात करंगळी बुडवून जिभेला लावायचीस. काका मोड आलेलं बी टोपलीत घेऊन मेरेवर उभा. तू थुंकायचीस आणि म्हणायचीस, "अजून खारट आसा. घाई करू नकात." काकाचा चेहरा पडायचा, कारण मोड आलेलं बी फार थांबत नाही. एकदा त्याने न विचारता पेरलं. वर आलेली रोपं आठवड्यात शेंड्याकडून पिवळी पडली आणि तू एक अक्षर बोलली नाहीस, नुसती त्याच्यासमोर तोच कुणगा परत चिखलायला घेतलास. काका म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते बीसुद्धा तुझंच. म्हणजे अगदी तुझं, माहेरून आणलेलं. तुझं माहेर नदीपल्याड, पेडणे महालात. लग्न होऊन होडीतून अल्याड आलीस तेव्हा दागिने बेताचेच होते, पण सोबत भाताची एक मुडी होती. त्यात कोरगुट. जाड, लालसर, दिसायला गरीब, पण खाऱ्या पाण्याला न डरणारं. गोव्याच्या खाजणांत पिढ्यान्‌पिढ्या होणारं भात. दरवर्षी कापणीआधी तू एकटी शेतात उतरायचीस आणि लोंब्या निवडायचीस. जी रोपं पाण्यात उभी राहिली, पडली नाहीत, ज्यांच्या लोंबीत पळींज कमी, त्यांचंच बी. मग पेंढा पसरून त्यात ते भात घालायचं, कडा वळवून घ्यायच्या, वरून पेंढ्याची दोरी फिरवत, पायाने दाबत, मुठीने ठोकत गोल मुडी आवळायची. दोरी कमी-जास्त ओढली गेली तर आत दमट धरतं. तुझ्या मुडीला टोका लागल्याचं कुणाला आठवत नाही. ती माळ्यावर चुलीच्या धुराच्या वाटेत टांगलेली असायची आणि घरात तांदूळ संपला तरी तिला हात लावायचा नाही, हा नियम तू स्वतःच्या पोटालाही लावलास.

पुढे जया आली. १९६८ साली प्रसारित झालेली ही बुटकी, भरघोस जात कोकणातही पोचली, ग्रामसेवकाने घरोघर जाऊन सांगितलं. तू नाही म्हणाली नाहीस. वरच्या गोड्या कुणग्यात लावलीस, पीक मापून घेतलंस, बरी आहे म्हणालीस, आणि खालच्या खाऱ्यात तिला पाय ठेवू दिला नाहीस. विद्यापीठात याला चाचणी म्हणतात आणि तिचे अहवाल छापतात. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने अलीकडे कोरगुटामधूनच निवड करून गोवा धान-१ आणि गोवा धान-२ या खाऱ्या जमिनीच्या जाती दिल्या. शास्त्रज्ञांनी त्यासाठी बी कुठून गोळा केलं? शेतकऱ्यांच्या घरांतून. ते घरात राखलं कुणी, हे मी सांगायला नको. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री याच कामासाठी मिळाली तेव्हा मला बरं वाटलं. तुझ्यासारख्या हजारोंपैकी निदान एकीच्या वाटचं कुणीतरी दिलं.

तुझं कौतुकच करत सुटायचं असं मात्र मी ठरवलेलं नाही. तू वागायला सोपी नव्हतीस. कणगीची किल्ली कमरेला, आणि सुनांनी मोजून मागायचं. उकड्या तांदळाचं भात शिजवताना वाफ किती वेळ द्यायची, खळ्यात वाळत घातलेलं कधी परतायचं, हे तू शिकवलं नाहीस. चुकलं की दाखवलंस. माझी आई सांगते, भाताचा दाणा दातांत धरून तो कसा तुटतो यावरून गिरणीत न्यायची वेळ ओळखायला तिला बरीच वर्षं लागली, कारण तू दाणा तोंडात टाकायचीस आणि निर्णय सांगायचीस, मधलं काहीच नाही. काजूच्या दिवसांत पोरांनी बी लपवून दुकानात दिली तर तुला वजनावरून कळायचं. आणि घरातल्या ताटांत फरक होता. मुलग्यांच्या पेजेत सुंगटांचं सुकं जास्त पडायचं. माझ्या आत्यांना ते अजून आठवतं. त्या हसत सांगतात, पण सांगतात.

आता नदीचं बोलू.

तुझा जन्म पलीकडचा. विचारलं की म्हणायचीस, "माझो जल्म मिठाच्या वर्साचो." शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह मे १९३० मधला, त्याची बातमी नदी ओलांडून पोर्तुगिजांच्या मुलखातही पोचली होती म्हणायची. लग्न झालं तेव्हा होडीने अर्ध्या सकाळीत माहेर गाठता यायचं. मग १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, पुढच्या वर्षी त्याच तारखेला पोर्तुगीज शिपायांनी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पेडण्यातल्या पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. बांधावर उभं राहिलं की पलीकडचे माड दिसायचे, जायचं मात्र नाही. तुझे वडील त्या काळात गेले. निरोप मासे मारणाऱ्यांनी आणला, तोही दिवस होऊन गेल्यावर. (पलीकडून घड्याळं आणि कापड मात्र रात्रीचं बिनबोभाट येत होतं, हे तूच सांगायचीस.) १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला आणि मग तू गेलीस. आता किरणपाणीला पूल आहे. तुझी पणतवंडं दुचाकीवर पलीकडे कामाला जातात आणि आपण कुठली हद्द ओलांडली हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

पण हद्द होती, आणि ती नुसती पोलिसांची नव्हती. पोर्तुगिजांची नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही तिथे तीच चालू राहिली. हिंदूंच्या काही चालीरीतींना १८८० च्या फर्मानाने मुभा दिलेली होती. तरी संहितेचा गाभा असा: मुलगा-मुलगी वारसाहक्कात सारखी; बापाने मृत्युपत्र केलं तरी मिळकतीचा अर्धा हिस्सा मुलांसाठी राखून ठेवावाच लागतो; आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. नवऱ्याला घर-जमीन विकायची तर बायकोची सही लागतेच. परक्या राजाने आपल्या सोयीसाठी आणलेला कायदा, त्याचे गोडवे गायची मला गरज नाही. पण एकाच नदीच्या दोन काठांना, एकच बोली बोलणाऱ्या, एकमेकींच्या घरात दिलेल्या-आणलेल्या बायकांच्या बाबतीत कायदे असे वेगळे होते. आठ-दहा वल्ह्यांच्या अंतरात तुझी निम्मी मालकी पाण्यात गेली.

तिथे राहिली असतीस तर मालकीण झाली असतीस, असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. कारण सीमा उघडल्यावर तुझा भाऊ कागद घेऊन आला आणि वडिलांच्या मिळकतीतला तुझा वाटा तू पेडण्याला जाऊन सोडून दिलास. गोव्यात आजही कितीतरी बहिणी तेच करतात. कायदा वाटा देतो आणि घर तो परत मागून घेतं. परत येताना भावाने तुला लुगडं घेतलं. ते तू पुष्कळ वर्षं चतुर्थीला नेसायचीस.

आणि आजोबा गेल्यावर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीला, तू आत्यांना बोलावून घेतलंस. तेव्हाही १९५६ चा हिंदू वारसा कायदा होता. बापाच्या मिळकतीत मुलगी पहिल्या वर्गातली वारस, भावांच्या आणि आईच्या बरोबरीची. तिघींनीही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. धाकट्या आत्याने विचारलं होतं म्हणे, कित्याक? तेव्हा तू जे म्हणालीस ते आमच्या घरात अजून उच्चारलं जातं: "जमीन घेतल्यार म्हायार जाता."

त्या वाक्यावर माझं तुझ्याशी भांडण आहे.

तू ते उगाच म्हणाली नव्हतीस, हे मला कळतं. सीमेच्या त्या वर्षांत माहेर तुटणं काय असतं ते तू बघितलं होतंस. भावाचं दार उघडं राहावं म्हणून तू पलीकडची जमीन दिलीस, आणि तेच शहाणपण लेकींच्या ओटीत घातलंस. पण पुढे काय झालं तेही तूच पाहिलंस. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, थोरल्या आत्याच्या नवऱ्याची गिरणी परत उघडली नाही, आणि आत्या पोरांना घेऊन आरोंद्याला आली. तिला पडवीतली खोली दिली. तुझ्या जिवात जीव होता तोवर तिला कुणी काही बोललं नाही. पण ती स्वयंपाकघरात शिरताना विचारून शिरायची. ज्या कुणग्यांत तिने लग्नाआधी दर पावसाळ्यात इरलं घेऊन लावणी केली होती त्यांत ती आता मजुरीने लावणी करत होती, आणि संध्याकाळी मजुरी मोजून देणारी तू होतीस. बाकीच्या बायकांपेक्षा एक रुपया जास्त द्यायचीस. तो रुपया मला अजून सलतो. माहेर राहिलं खरं. पण तिथे तिने पाहुणी म्हणून राहायचं, मालकीण म्हणून नाही, एवढं त्या हक्कसोडपत्रात न लिहिता लिहिलेलं होतं.

तुझ्या हयातीत गोष्टी बदलत होत्या, पण आपल्या खळ्यापर्यंत आल्या नाहीत. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला लाखांनी शेतकरी बायका जमल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला, शरद जोशी गावोगाव फिरून नवऱ्यांना सांगत होते की बायकोच्या नावे जमीन करा, तिचं देणं फेडा. १९९२ मध्ये सरकारनेही त्या धर्तीवर आदेश काढला: नवऱ्याने अर्ज द्यावा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागावं. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये सगळ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखं सहदायाद केलं. एवढं होऊनही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बायका शंभरात चौदाच्या आसपासच भरल्या. चिखलात वाकलेल्यांची गणना केली असती तर आकडा उलटा आला असता. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. सभा होतील, हार-तुरे होतील, आणि सत्काराला बोलावलेल्या बाईला सातबारा आणायला सांगितला तर तिला नवऱ्याकडे किंवा लेकाकडे मागावा लागेल. पीककर्ज, पीकविमा, नुकसानीचे पैसे हे सगळं त्याच कागदामागून चालत येतं, त्यामुळे नाव नसणं ही नुसती मानापमानाची बाब नाही. तुझे खालचे कुणगे उधाणाने बुडाले त्या वर्षी पंचनाम्यावर सही करायला काकाला मुंबईहून बोलवावं लागलं होतं. तू तिथेच उभी होतीस, गुडघाभर पाण्यात, कुठल्या मेरेपासून कुठवर गेलं ते बोटाने दाखवत.

तर आता प्रश्न विक्रीचा. बाबा आणि काका यांचं मन डळमळतंय. खालच्या जमिनीत आता भात होत नाही; उघाडीचं दार कुजलं ते नीट बसवलं गेलं नाही, चिपी वाढली, माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, वरच्या बागेत वांदर काही ठेवत नाहीत. मुडी वळणारं घरात कुणी उरलं नाही, कोरगुटही गेलं. त्यांना जमीन विकावीशी वाटली तर तो लोभ आहे असं मी म्हणणार नाही. थकवा जास्त आहे.

पण वकिलाने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. विक्रीला आत्यांच्या सह्या लागत नाहीत. हक्कसोडपत्रं रीतसर नोंदलेली आहेत, त्यांना आता कुणी हात लावू शकत नाही. हे ऐकून घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि मला तिथेच ते खटकलं. कायदा मागत नाही म्हणूनच विचारायचं आहे. मी बाबांना आणि काकाला सांगितलंय ते तुलाही लिहून ठेवतो: जमीन राखायची ठरली तर तिघींची नावं परत लावून घ्यायची, बक्षीसपत्राने होतील, खर्च येईल तो येऊ दे. विकायची ठरली तर पैशाचे पाच वाटे. थोरली आत्या आता नाही; दोन्ही बाबतींत तिच्या जागी तिची मुलं. बाबा गप्प राहिले. काका म्हणाला, आईला हे आवडलं नसतं. असेलही. तुझं बाकीचं सगळं मी मानतो आजी, पाण्याची चव, बियाची पारख, माळ्यावरच्या मुडीला न लावलेला हात. हे एक मानत नाही.

धाकट्या आत्याला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पैसे नकोत रे, नाव लागलं तर बघ. आणि लगेच म्हणाली, भावांना त्रास होत असेल तर राहू दे. तुझीच लेक.

हे पत्र वाचणाऱ्या आरोंद्याच्या, सातार्ड्याच्या, शिरोड्याच्या माणसांना एक विनंती. चतुर्थीला सगळी भावंडं गावी जमतात. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. तो काढा, नावं वाचा, आणि ज्या बाईने ती जमीन खरोखर कसली तिचं नाव त्यात आहे का ते बघा. आई हयात असेल तर आधी तिचं लावून घ्या. आणि बहिणींच्या सह्यांसाठी हक्कसोडपत्र टाईप करून नेणार असाल, तर यंदा ते नेऊ नका.